माळ्यावर राहिलेली गिटार

नवी हळद सांगलीच्या यार्डात यायला लागली की माझ्या शर्टांच्या कॉलरी पिवळ्या होतात. सुनंदा, माझी बायको, त्या घासते, उन्हात टाकते, पुन्हा घासते, आणि तरी पाडव्यापर्यंत तो रंग तसाच राहतो. फेब्रुवारी सरत आलेला असतो. ऊन तापायला लागलेलं असतं, पण अजून चावत नसतं. पोतं उसवलं की उठणारी ती बारीक धूळ पापण्यांवर बसते, डब्यातल्या भाकरीवर बसते, हमालांच्या भुवया पिवळ्या करून टाकते. आणि नेमक्या त्याच दिवसांत, मी माधवनगरहून यार्डाकडे निघतो तेव्हा, रस्त्याच्या कडेनं मुली परीक्षेला चाललेल्या दिसतात. हातात पारदर्शक पॅड, त्यात हॉल तिकीट, ओठ पुटपुटत असलेले. आमच्याकडे हळदीचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम असे एकदमच येतात. गेली नऊ वर्षं ते तसे आले की मला कुठं बघावं ते कळत नाही.

मी एका अडत दुकानात दिवाणजी आहे. मालक अण्णा, जैन, स्वभावानं मऊ, मला कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते म्हणतात, "आमचे दिवाणजी बोलत न्हाईत. पण बोलले की पक्कं." लोक माना डोलावतात. कमी बोलणं हा मोठा गुण समजतात आमच्या बाजारात. खरं सांगायचं तर कमी बोलणाऱ्या माणसाला खोटंही कमीच बोलावं लागतं, आणि म्हणूनच त्याचं एखादं खोटं फार दिवस टिकतं. त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. माझं एक खोटं असं नऊ वर्षं टिकलं. ते माझ्या मुलीशी बोललेलं होतं.

हळद कानानं पारखतात, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. हळकुंड दोन बोटांत धरायचं आणि मोडायचं. नीट वाळलेलं असेल तर ते खणकन तुटतं, जवळजवळ धातूसारखं. आत ओल राहिली असेल तर नुसतं वाकून मऊ आवाज करतं. रंग तर डोळ्याला दिसतोच, पण रंगानं फसवता येतं. आवाजानं फसवता येत नाही असं मी माझ्या आयुष्याची सत्तावीस वर्षं मानत आलो. त्यामुळे ऋतुजा, माझी एकुलती मुलगी, दहावीच्या वर्षी जेव्हा म्हणाली की तिला इलेक्ट्रिक गिटार हवी, आणि पुढं म्हणाली की ती स्वतःहून वाजत नाही, तिला आवाजाच्या डब्याला जोडावं लागतं, तेव्हा मी गोंधळलो.

"मग ती चांगली की वाईट हे कसं कळणार?" मी विचारलं.

"हातात घेतल्यावर कळतं, पप्पा."

"तुला कळेल?"

"न कळायला काय झालं."

परीक्षा झाली की मागशील ते, असं मी बोलून बसलो होतो. आठ हजार रुपये, त्यात डबा, वायर, पिशवी सगळं, एवढी मर्यादा मी घातली आणि तिनं ती लगेच मान्य केली. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर ती गिटारांची नावं लिहायची, मोबाइलवर त्यांचे आवाज ऐकायची, आणि मर्यादेपलीकडची नावं खोडरबरानं पुसून टाकायची. पेनानं काट मारत नव्हती ती, पुसायची. मी जवळून गेलो की पानाला हात आडवा लावायची. तो हात डावा असायचा.

ती डावखुरी आहे हे मला ती वर्षाची असल्यापासून माहीत होतं. मी तिला त्यावरून कधी मारलं नाही. आमच्या मूळ गावच्या, मेढ्याकडच्या घरांतून पोरांच्या डाव्या हातावर उलथन्याचे चटके बसलेले मी पाहिले आहेत, तसं काही मी केलं नाही. मी फक्त तिच्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात ठेवायचो. दर घासाला. ती हसायची, तिला तो खेळ वाटायचा. पेन्सिलचंही तेच केलं. शेवटी ती उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला लागली, आणि बाकी सगळं, म्हणजे वेणी घालणं, चेंडू फेकणं, कांदा चिरणं, रांगोळी, डाव्या हाताकडे राहिलं. मी समाधानी होतो. लोकांसमोर येणाऱ्या दोन गोष्टी मी सरळ करून घेतल्या होत्या.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही सांगलीतली दुकानं फिरलो. एकात नुसत्या साध्या गिटारी होत्या. दुसऱ्यात होती, पण तिची किंमत ऐकून ऋतुजानंच "चला" म्हणून माझी बाही ओढली. तिसऱ्या दुकानदारानं तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि मला विचारलं, "भजनाला पायजे काय?" ती बाहेर येऊन रस्त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. आज आठवतं ते तिचं हसणं, आणि तिच्या खांद्यावर माझ्याच हाताची उमटलेली पिवळी बोटं.

मग साताऱ्याहून आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण, तिचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. "बाळू, हितं पोवई नाक्याच्या वरच्या अंगाला एक वाद्यांचं दुकान हाय," ती म्हणाली. "मालक दुकान मोडतोय. लय स्वस्तात काढतोय म्हनं समदं. पोरीला घिऊन ये, आणि चार दिस ऱ्हावा."

आम्ही एसटीनं गेलो. उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम संपत आला होता, रस्त्यात चिपाडं पडलेली, कराडपर्यंत गाडीत काकवीसारखा वास. ऋतुजा खिडकीपाशी बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होती. डाव्या हाताची. ती काय वाजवत होती ते मला ऐकू येत नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावरून ते तिला ऐकू येत होतं एवढं नक्की.

आक्काकडं चहा झाला. दाजींनी ऋतुजाला समोर बसवून चौकशी केली. "आमच्या युनिटात एक मद्रासी होता, वाजवायचा. पण ती साधी. ही करंटवाली. शॉक बिक बसत न्हाई न्हवं?"

"बसला तर तुम्हालाच पहिल्यांदा देते," ऋतुजा म्हणाली.

"बघ की गं, पोरगी फौजेत पायजे होती," दाजी आक्काला म्हणाले. घर हसलं. मीही हसलो असेन.

दुकान चढावर होतं. अर्ध्या भिंती रिकाम्या झालेल्या, खिळे तेवढे उरलेले. मालक माझ्याच वयाचा, खांद्यावर पांढरा रुमाल. मी यार्डात आहे म्हटल्यावर त्यानं माझ्या कॉलरीकडं बघितलं. "मग आपन एकाच धुळीतलं," तो म्हणाला. त्याचे वडील सांगलीत हळदीचे अडते होते. त्यालाही लहानपणी पेढीवर बसवलं होतं, तो गाण्याबजावण्याच्या नादानं साताऱ्याला आला, आणि आता हेही मोडत होता. "पुण्यात भाचा हाय. त्याच्याकडं जातो. आता पोरं मोबाइलवरच मागवत्यात वो."

आमच्या मर्यादेत बसणारी एक गिटार त्यानं काढली, डब्याला जोडली, आणि ऋतुजाच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि उलटी धरली. म्हणजे मान उजव्या हातात आणि तारांवर डावा हात. तिला ते उलटं वाटलंच नाही. तारेवरून डावा अंगठा फिरवला तिनं, आणि त्या जुनाट डब्यातून असा काही आवाज निघाला की दुकानदार काउंटरवर पुढं वाकला. चांगला होता असं म्हणत नाही मी, मला त्यातलं कळत नाही. पण तो ओला आवाज नव्हता. एवढं मला कळतं.

"उलटी धरलीस की गं," दुकानदार म्हणाला.

"अशीच बरी वाटतेय."

"डावखुरी हाईस व्हय?"

ऋतुजानं मान वर केली. "डावखुऱ्यांची वेगळी असते का?" हे तिनं त्याला विचारलं नाही, मला विचारलं. ती सगळं मलाच विचारायची त्या वयापर्यंत.

आता मी जे सांगणार आहे ते समजायला आमच्या बाजाराची एक जुनी रीत सांगावी लागेल. पूर्वी आमच्याकडे सौदे तोंडानं होत नसत. खरेदीदार आणि अडत्या हातात हात घेत, वर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर अंगठा टेकला, त्यावर सगळा हिशेब. चेहरा कोरा ठेवायचा. शेतकरी तिथंच उभा असायचा. त्याच्याच वर्षभराच्या मालाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत ठरायचा आणि त्याला रुमालाची हालचाल तेवढी दिसायची. रुमालाखाली काय झालं ते बाहेर कुणी बोलायचं नाही, हा आमच्यातला सगळ्यात कडक नियम. आता उघड सौदे होतात, ते बरं झालं. पण आमच्या पिढीच्या बोटांना ती भाषा अजून येते.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. ते कसं बघणं होतं हे मला सांगता येणार नाही, पण ते दुकानदाराचं नव्हतं, अडत्याच्या मुलाचं होतं. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, काउंटरवरून माझा हात घेतला आणि वर रुमाल टाकला. मग, डाव्या हाताची एक गिटार माळ्यावर आहे असं मोठ्यानं म्हणण्याऐवजी, त्यानं हसतच डोळ्यांनी वरच्या माळ्याकडं एकदा बघितलं आणि माझी चार बोटं धरली. मग करंगळीच्या मधल्या पेरावर अंगठा टेकवला. साडेचार. आम्ही घेत होतो तिच्यावर साडेचार हजार जास्त.

तो माणूस भला होता. मुलीसमोर बापाची पंचाईत होऊ नये म्हणून त्यानं रुमाल काढला होता.

मी बोटं मिटून घेतली. आमच्यात याचा अर्थ सौदा मोडला. मग रुमालाखालून हात काढला आणि ऋतुजाला म्हणालो, "नसते बाळा. गिटार एकच असते सगळ्यांना."

 दुकानदारानं रुमाल घडी घालून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "शिकत्यात की समदी अशीच. सवय हुती." नियम पाळला त्यानं.

परतीच्या एसटीत ऋतुजा गिटार मांडीवर आडवी घेऊन बसली होती. कंडक्टरनं गिटारीचं अर्धं तिकीट मागितलं, गमतीनं, तर ती गिटारीला म्हणाली, "बघ, आल्या आल्या मान मिळाला तुला." कराडच्या पुढं ती मला म्हणाली, "पप्पा, रुमालाखाली काय केलंत?"

"भाव कमी करून घेतला."

"किती?"

"ते सांगायचं नसतं."

ती अभिमानानं माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्याचं मला आजवर काही करता आलेलं नाही.

पैसे नव्हते म्हणून मी तसं केलं असं कुणाला वाटेल, आणि बरीच वर्षं मीही स्वतःला तसंच सांगितलं. साडेचार हजार खिशात नव्हते हे खरं. पण आक्काच्या घरी चार पावलांवर होते. बँकेत होते. दुकानदाराला "पंधरा दिवस ठेव, येतो" एवढं म्हटलं असतं तर त्यानं ठेवली असती, एकाच धुळीतले होतो आम्ही. खरं कारण असं की मला मुलीसमोर 'परवडत नाही' हे दोन शब्द म्हणायचे नव्हते. बाजारात हे शब्द मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, त्यात मला काही वाटत नाही, ते सौद्याचे शब्द आहेत. पण तिच्यासमोर, तिनं स्वतःच्या हातानं पुसलेल्या त्या नावांनंतर, मला मोठा बाप राहायचं होतं. आणि दुसरं असं, ते आणखी वाईट आहे, की मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटलं, झालं तर बरंच. घास सरळ केला, पेन्सिल सरळ केली, हेही होईल सरळ.

त्या उन्हाळ्याचे आवाज माझ्या कानात आहेत. डबा चालू केला की आधी एक घुरघुर यायची. मग तार. मग चुकलेली तार. मग सुनंदाची स्वयंपाकघरातून हाक, "अगं, पुन्हा पहिल्यापासून." मग लाइट जायची आणि ती गिटार एकदम मुकी व्हायची, नुसती खुळखुळ ऐकू यायची, हातातल्या बांगड्यांएवढी. माधवनगरच्या आमच्या गल्लीत पूर्वी मागांचा खडखडाट असायचा, माझं बालपण त्यात गेलं. आता ती गल्ली इतकी शांत की ऋतुजाची प्रत्येक चूक चार घरं पलीकडं जायची.

तिला शिकवायला एक सर यायचे, ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेले. त्यांनी पहिल्या दिवशी तिची गिटार सरळ करून दिली आणि नंतर महिनाभर तिच्या उजव्या हाताकडं बघत बसले. त्या हातात लय उतरेना. ताल पायात होता, तो मी बघत होतो, टाच बरोबर जमिनीवर पडायची. हातात येईस्तोवर कुठंतरी हरवायचा. सर मला पायरीवर म्हणाले, "हुशार आहे. पण हात जड आहे हो. काहींचा असतोच." मी मान डोलावली. पायरीवर तेवढं एक वाक्य बोलायला मला जागा होती. "सर, ती डावखुरी आहे." ते म्हटलं नाही, सरांना त्यांची चप्पल पुढं केली.

सुनंदा तिच्यावर चिडायची. तिला काहीच माहीत नव्हतं. "बापानं साताऱ्यापर्यंत जाऊन आणली, आणि तुला अर्धा तास बसवत नाही," असं म्हणायची. ऋतुजा मग परत बसायची. माझ्यासाठी बसायची ती, हे मला दिसत होतं.

मे महिन्यात एकदा मी दुपारी जेवायला घरी आलो. दार उघडं होतं. सुनंदा शेजारी गेलेली. ऋतुजा भिंतीला टेकून, पाठमोरी, गिटार उलटी धरून बसली होती, दुकानात धरली होती तशी. जाड तारा खाली, बारीक वर, सगळं उफराटं. आणि एकाच तारेवर ती काहीतरी वाजवत होती, हळू, पण न थांबता, न चुकता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मी चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. अंगावरच्या घामाला हळदीचा वास येत होता. मला वाटलं, आता सांगू. आता सांगितलं तर अजून काही बिघडलेलं नाही.

तिला माझी चाहूल लागली. ती दचकली.

"सरळ धर गं," मी म्हणालो. "मोडशील."

तिनं ती सरळ केली. त्यानंतर तिनं ती कधी उलटी धरलेली मी पाहिली नाही. पावसाळ्यात अकरावीचं कॉलेज सुरू झालं, सरांचं येणं थांबलं, आणि गिटार पिशवीत गेली. रागावून नाही, रडून नाही. "माझ्यात नाहीच ते, पप्पा," ती म्हणाली, तुमचे पैसे वाया गेले अशा आवाजात. मी तिची समजूत घातली. हे लिहिताना माझी बोटं थांबतात. मी तिची समजूत घातली.

चारेक वर्षांनी अण्णांच्या घरचा तंबोरा घेऊन मी मिरजेला गेलो होतो. भोपळ्याला चीर गेली होती. तंतुवाद्यांच्या त्या गल्लीत लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास असतो, आणि दर दुकानातून कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत असतं. एक म्हातारे कारागीर होते, भोपळ्यावर कान ठेवून टिचकी मारून बघत होते. अगदी आम्ही हळकुंड बघतो तसं. त्यांच्या दुकानात एक इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीला आलेली दिसली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाचा, डावखुऱ्या माणसानं ही वाजवायची म्हटली तर?"

"वाजवतात की," ते म्हणाले. "तारा उलट्या लावायच्या. आणि ही मानेवरची खाचांची पट्टी आहे ना, ही नवी करून बसवायची. वरची बटणं जरा हाताला लागतात, त्याची सवय होते."

"खर्च किती येतो?"

"ह्याला कसला खर्च. पट्टीचे दोनशे घेऊ. का, कुणाला करायचीय? घेऊन या, बसल्या बसल्या देतो."

माधवनगरपासून मिरज बारा-पंधरा किलोमीटर. मी दर महिन्याला अण्णांच्या कामानं तिकडं जात होतो. मी चाचांना म्हणालो, नाही, सहज विचारलं. बाहेर येऊन स्कूटीवर बसलो आणि चावी लावायचं सुचेना. म्हणजे पैशाचा प्रश्नच नव्हता. माळ्यावरच्या त्या गिटारीचीही गरज नव्हती. एका माणसाला, कुठल्याही एका माणसाला, मी 'माझी मुलगी डावखुरी आहे' एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. घरी जाऊन गिटार बाहेर काढावी आणि मिरजेला न्यावी असं ठरवलं. पण ऋतुजा तेव्हा पुण्याला शिकत होती, आणि ती पिशवी शोधली तर मिळेना. सुनंदानं ती आधीच्याच दिवाळीत भाच्याला देऊन टाकली होती, पोरीला विचारून. "तिनंच सांगितलं देऊन टाक म्हणून," सुनंदा म्हणाली. "तुमचं काय मधेच?"

काही नाही, म्हणालो.

यंदाच्या हंगामात ऋतुजा चार दिवस आली होती. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते, पंचविशीची आहे, माझ्यापेक्षा जास्त बोलते आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकते. रविवारी दुपारी ती गच्चीवर सुनंदाच्या कुरडया राखत बसली होती, मी वर गेलो. खाली गल्लीत कुणाचीतरी मुलगी मोठ्यानं इतिहासाची उत्तरं पाठ करत फेऱ्या मारत होती. ऋतुजा तिच्या प्रयोगशाळेतल्या गमती सांगत होती. मैत्रिणीच्या घरी सगळे जेवायला जमले होते, तिथं एकाची गिटार होती, सगळ्यांनी आळीपाळीनं हातात घेतली.

"तू?" मी विचारलं.

"मी कशाला. माझ्यात नाहीच ते, पप्पा. दहावीतच कळलं होतं की." तिनं हे अगदी सहज म्हटलं. आपली उंची सांगावी तसं. नऊ वर्षं ती हे वाक्य अंगात घालून फिरत होती, आणि आता ते तिला अंगाबरोबर बसलं होतं.

मी तिला सांगितलं. माझ्यासारख्या माणसानं सांगितलं म्हणजे कसं सांगितलं असेल ते समजा. आधी रुमालाचं सांगितलं, मग माळ्याचं, मग मेमधल्या दुपारचं, मग मिरजेचं. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं. ती एका कुरडईचा तुटलेला तुकडा हातात घेऊन ऐकत होती. खालची मुलगी पाठांतरात अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल, किंवा हसून सोडून देईल. ह्या तिन्हींची तयारी मी इतकी वर्षं केली होती. ती म्हणाली, "मग मी वाईट वाजवत नव्हते?"

बापानं इथं काय म्हणायला हवं ते मला ठाऊक होतं. ते जिभेवर आलंही. पण ते मला माहीत नव्हतं. तिला खरंच येत होतं की नव्हतं हे आता कुणालाच कळणार नाही, त्याची पारख करायची वेळच मी काढून घेतली होती. खरं सांगून मी तिला फक्त एक प्रश्न दिला होता, ज्याचं उत्तर मिळायची जागा राहिलेली नव्हती. आतापर्यंत तिच्याकडं निदान उत्तर तरी होतं.

"मला नाही माहीत, बाळा," मी म्हणालो. "त्या दुपारी वाजवत होतीस ते मला आवडलं होतं. तेवढंच माहीत आहे."

"तेव्हा का नाही बोललात?"

  एक कावळा कठड्यावर येऊन बसला, तिनं हातानं त्याला हाकललं. ऊन भिंतीवरून खाली उतरून चटईच्या कडेपर्यंत आलं होतं, तिनं चटई ओढून घेतली. मग, माझ्याकडं न बघता, तिनं विचारलं, "ती माळ्यावरची कुठल्या रंगाची होती?"

मी काहीही म्हणू शकलो असतो. लाल म्हणालो असतो तर तिनं मनात एक लाल गिटार धरली असती, आणि कदाचित तिला बरं वाटलं असतं. पण मी ती खाली काढायलाच सांगितलं नव्हतं.

"बघितली नाही गं मी," मी म्हणालो.